एन्साइन नेमकं कोणाला व्हायचंय?

डिचोलीहून एका वडिलांचं पत्र आलंय. मुलगा बारावी सायन्सला, दहावीत ८१ टक्के. ‘आम्ही नेव्हीत एन्साइन व्हायचं ठरवलंय. अमेरिकेतला भाचा म्हणतो, अधिकाऱ्याची सुरुवात तिथूनच होते. चवथीला सगळ्या भावकीत सांगूनही झालं. पण हा अभ्यास टाकून झेंडे काढत बसतो. पुरावा म्हणून कागद जोडलाय. त्याला चार शब्द सुनवा.’

भाऊ, चार शब्द सुनवतो, पण तुम्हाला.

पत्रात ‘आम्ही’ नऊ वेळा आलंय. आम्ही ठरवलंय, आम्ही फॉर्म भरणार, आम्ही क्लास लावलाय. मुलगा काय म्हणतो याचं एकही वाक्य नाही. गणपतीसमोर माटोळीखाली बसून काका-मामांसमोर तुम्ही त्याचा हुद्दा जाहीर केलात, तेव्हा त्याचा चेहरा पाहिलात का? आता उद्या त्याचं मन बदललं तर त्याला आधी भावकीला तोंड द्यावं लागेल आणि मग तुम्हाला. सतरा वर्षांच्या पोरावर हे ओझं कशाला?

शिवाय जो हुद्दा जाहीर केलात तो आपल्या नौदलात नाहीच. भाचा खोटं बोलला नाही. अमेरिकी नौदलात सर्वांत कनिष्ठ अधिकारी एन्साइनच असतो. आपल्याकडे मात्र त्या जागी सब-लेफ्टनंट. भारतीय नौदलात ‘एन्साइन’ म्हणजे माणूस नव्हे, जहाजावर फडकणारं निशाण. एकाच शब्दाला हे दोन अर्थ आले कसे? पूर्वी इंग्रजांच्या पायदळात पलटणीचं निशाण धरायचं काम सर्वांत नव्या अधिकाऱ्याकडे असे, म्हणून निशाणाचं नाव त्यालाच चिकटलं. लढाईत शत्रूच्या डोळ्यांवर आधी निशाण येतं, तेव्हा हा मान बराच महागात पडणारा. १८७१मध्ये तो हुद्दा गेला, पुढे त्या जागी सेकंड लेफ्टनंट आला. पोर्तुगीजांचा ‘आल्फेरिश’ही तसाच, निशाण धरणारा कनिष्ठ अधिकारी. तो शब्द मुळात अरबी, अर्थ घोडेस्वार. आपल्या मराठीने घोळ केला नाही. निशाण वेगळं, निशाणदार वेगळा. गंमत म्हणजे नौदलात झेंडा सर्वांत वरच्या माणसांच्या नावातही आहे. रिअर ॲडमिरल आणि त्यावरचे ते ‘फ्लॅग ऑफिसर’. आपल्या गोव्यातल्या नौदलप्रमुखाच्या पदाची सुरुवात त्याच शब्दांनी होते.

यातला निम्मा प्रश्न तुमच्या मुलालाही पडलाय. तुम्ही पुरावा म्हणून जोडलेला कागद मी अर्धा तास पाहत होतो. नौदलाचं जुनं निशाण, लाल क्रॉसचं, आणि शेजारी २ सप्टेंबर २०२२ला विक्रांत या विमानवाहू जहाजाबरोबर आलेलं नवं. शिवरायांच्या राजमुद्रेवरून घेतलेला अष्टकोन, त्याची दुहेरी सोनेरी किनार, नांगरावर सिंह, खाली ‘शं नो वरुणः’, विसर्गासकट. खाली व्यापारी जहाजांचं लाल निशाण. आणि समासात बारीक अक्षरात: ‘एन्साइन = झेंडा की माणूस? दोन्ही कसं?’ भाऊ, याला तुम्ही वेळ घालवणं म्हणता?

नौदलाचे रस्ते एका ओळीत सांगतो: बारावीनंतर एनडीए (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी), किंवा जेईई मेनच्या गुणांवर बी.टेक. प्रवेश, इंजिनीअरिंगच्या पदवीनंतर सीडीएस परीक्षा; विषयांत फिजिक्स-मॅथ्स हवंच. पुढे एसएसबी, म्हणजे निवड मंडळाच्या चाचण्या आणि मुलाखत, सगळ्यांना. आणि तिथे मुलाला स्वतःविषयी लिहायला लावतात, त्यात एक प्रश्न असतो की आई-वडील तुझ्याविषयी काय म्हणतात. तो काय लिहील याचा विचार करा. पढवलेली पोरं तिथे लगेच ओळखू येतात.

माझ्या मते त्याचा ओढा नौदलाकडे असेलही, पण मला दिसतोय तो इतिहासाकडे, शब्दांकडे आणि रेघेकडे. पणजीच्या पुराभिलेखागारात मोडी आणि पोर्तुगीज कागदांचे ढीग आहेत, ते वाचणारी माणसं कमी. गोवा विद्यापीठात पोर्तुगीज शिकता येतं, आल्तिनोवर कला महाविद्यालय आहे. बारावी सायन्स नीट पूर्ण करू दे, त्याने यातलं कुठलंच दार बंद होत नाही. मध्ये एका रविवारी पणजीहून बेतीच्या फेरीबोटीत बसा, दोघेच. पलीकडे वेरेंला २००९पर्यंत नौदल अकादमी होती, मग ती केरळात एळिमलाला गेली. त्याला काय विचारायचंय ते विचारू दे. तुम्ही फक्त ऐका.

यापुढचं पत्र त्याने लिहावं, तुम्ही वाचून न बघता पोस्टात टाकावं.

कागद परत पाठवतोय, घडी न घालता. त्यात एक चूक आहे: हवाई दलाच्या निशाणावरच्या चकतीत त्याने केशरी बाहेर काढलाय. केशरी मध्ये हवा, हिरवा बाहेर. तेवढं त्याला सांगा. नको, तुम्ही सांगूच नका, मी मागच्या बाजूला त्याच्यासाठी लिहिलंय.