रोटरी क्लब नेमका कुठे आणि कसा सुरू झाला?

शिकागोत, २३ फेब्रुवारी १९०५ च्या संध्याकाळी. वकील पॉल हॅरिसला त्या अवाढव्य शहरात एकटेपणा खायला उठायचा. त्याने तिघांना गोळा केलं: कोळशाचा व्यापारी सिल्व्हेस्टर शील, खाण अभियंता गुस्तावस लोर आणि शिंपीकाम करणारा हायरम शोरी. जमले लोरच्या ऑफिसात, युनिटी बिल्डिंगमधल्या ७११ नंबरच्या खोलीत. पुढे आळीपाळीने एकेकाच्या ऑफिसात भेटू लागले, इंग्रजीत ‘रोटेट’ म्हणजे फिरत राहणं, म्हणून नाव रोटरी.

खरं सांगायचं तर तेव्हा समाजसेवा वगैरे काही डोक्यात नव्हतं. दोस्ती आणि एकमेकांच्या धंद्याला हातभार, बस! सेवेचं पहिलं काम १९०७ मधलं, तेही सार्वजनिक शौचालयासाठी खटपट करण्याचं. १९१० मध्ये कॅनडातल्या विनिपेगला क्लब निघाला आणि गाडी अमेरिकेबाहेर पडली. मुंबईचा क्लब १९२९ चा.