देणगीदाराला नडणारं पान

प्रिय,

तुझं पत्र वाचून आधी चीड आली, मग काळजी वाटली. आयात शुल्कावरच्या तुझ्या अहवालातलं एक प्रकरण ‘तूर्त राहू दे’ म्हणून संचालकांनी बाजूला ठेवलं आणि त्याच शुल्काच्या आडोशाला वाढलेली कंपनी संस्थेची देणगीदार आहे, हे तुला नंतर समजलं. आता तू विचारतेस, खुल्या बाजाराची बाजू मांडणं म्हणजे शेवटी कंपन्यांची वकिलीच का?

नाही! आणि हे मला तुला सांगावं लागावं? खुल्या बाजाराला सर्वांत जास्त कोण भितं, तर जो आधीच आत येऊन बसलाय तो. त्याला आपल्यामागे दार बंद हवं असतं. व्यापाऱ्यांकडून येणारी कायद्याची सूचना फार जपून ऐका, असं ॲडम स्मिथने 1776 मध्येच बजावलं होतं. म्हणून थिंक टँक, म्हणजे धोरणांवर संशोधन करणारा तुझ्या-माझ्यासारख्यांचा गट, स्वतंत्र आहे का, हे मी एकाच गोष्टीवरून ठरवतो : देणगीदाराला नडणारं पान तो छापतो का?

पैसा सरकारी असला तरी कसोटी हीच. रेडिओलहरींचे पट्टे मर्जीने वाटू नका, विका, असं अर्थशास्त्रज्ञ रोनाल्ड कोस यांनी 1959 मध्ये मांडलं. अमेरिकेच्या दूरसंचार आयोगापुढे ते गेले, तर एका आयुक्ताने ही थट्टा आहे का, असं विचारलं. ते एक वेळ समजू शकतं. वाटपाचा अधिकार ज्याच्या हातात, त्याला लिलाव कसा रुचणार? पण पुढे कोस आणि दोन सहकाऱ्यांनी याच विषयावर रँड कॉर्पोरेशन या अमेरिकी संशोधन संस्थेसाठी अहवाल लिहिला. रँडचा संसार मुख्यतः सरकारी कंत्राटांवर चालायचा. आयोग, संसद, प्रसारण कंपन्या सगळेच अंगावर येतील, असे शेरे आतल्या परीक्षकांनी मारले आणि अहवाल फडताळात गेला. तो बाहेर आला 1995 मध्ये. त्याच्या आदल्याच वर्षी त्या आयोगाने लहरींचा पहिला लिलाव करूनही टाकला होता. म्हणजे सरकारचं धोरण बदललं, तेव्हाही अहवाल फडताळातच होता.

इतकी वर्षं कुणी थांबायचं, असं तू म्हणशील. थांबावंच लागतं. ब्रिटिश उद्योजक अँटनी फिशर राजकारणात उतरायला निघाले होते, अर्थशास्त्रज्ञ हायेक यांनी त्यांना परावृत्त केलं. त्याऐवजी 1955 मध्ये लंडनमध्ये फिशर यांची संशोधन संस्था उभी राहिली. तिचं पहिलंच प्रकाशन पौंडाच्या मुक्त परिवर्तनीयतेवर, म्हणजे तो इतर चलनांत मोकळेपणाने बदलता येण्यावर होतं. ब्रिटनने अशा चलनबदलावरची नियंत्रणं उठवली ती 1979 मध्ये. निवडणुकीवर डोळा ठेवणाऱ्याला हा धीर परवडत नाही. आपल्याला परवडतो, पण मिंधे नसलो तरच.

माझं म्हणशील, तर आमच्या एका देणगीदाराने अनुदानांवरचा निबंध मागे घ्यायला सांगितलं होतं. आम्ही घेतला नाही. पैसे थांबले, माणसं कमी करावी लागली. त्यात एक फार हुशार मुलगी गेली, ती पुन्हा संशोधनाकडे फिरकली नाही. तिच्याबद्दल मला आजही वाईट वाटतं. निबंधाबद्दल अजिबात नाही. या आडमुठ्याने संस्था वाढू दिली नाही, असं लोक बोलतात. वाढली असती, खरंच. मंत्र्यांच्या शेजारी खुर्चीही मिळाली असती. पण त्या खुर्चीत बसून मी काय बोललो असतो? ज्याची खावी पोळी, त्याची वाजवावी टाळी; त्यासाठी संशोधक कशाला हवेत, जाहिरातवाले पुरतात.

असो, माझंच पुराण लांबलं. तू राजीनाम्याची घाई करू नकोस. आकडे पुन्हा तपास, विशेषतः ज्या तक्त्यावर त्या प्रकरणाचा सगळा भार आहे तो. मग संचालकांना लेखी विचार : चूक पद्धतीत आहे की निष्कर्षात? पद्धतीत असेल तर मुकाट्याने दुरुस्त कर. निष्कर्षात म्हणाले, तर प्रकरण स्वतःच्या नावावर बाहेर छापायची परवानगी माग. त्याआधी करारात लेखनाचा हक्क कुणाकडे आहे ते बघून घे. त्यांचं उत्तर तोंडी आलं तर मला सांगू नकोस. लेखी आलं की पाठव.

तुझा,
एक जुना संशोधक