फ्लॅटचे फोटो काढायला शिकून त्यातून कमाई कशी सुरू करावी?

आधी स्वतःच्या घरात हात बसवा. ट्रायपॉड हवाच. कॅमेरा साधारण छातीच्या उंचीवर आणि लेव्हलमध्ये, म्हणजे वर-खाली न झुकवता ठेवा, त्याने भिंती, दाराच्या चौकटी सरळ उभ्या दिसतात. नवशिक्याचे फोटो इथेच ओळखू येतात. फुल-फ्रेम (जुन्या ३५ मिमी फिल्मएवढा सेन्सर असलेल्या) कॅमेऱ्यावर १६ ते २४ मिमीची लेन्स पुरे. त्याहून वाइड, म्हणजे आणखी कमी मिमीवर गेलात तर १० बाय १० ची बेडरूम हॉलएवढी दिसते, आणि ती मला गिऱ्हाइकाची फसवणूकच वाटते. खिडकी पांढरीफटक पडत असेल तर कमी-जास्त एक्स्पोजरचे (उजेडाचे) तीन फोटो घेऊन एडिटिंगमध्ये त्यांचा एकच फोटो करा.

ओळखीच्यांची दोन-तीन घरं टिपून थेट एरियातल्या ब्रोकरांना भेटा. इंटिरिअर डिझायनर, होमस्टेवाले यांनाही विचारा. नमुन्यादाखल एखादं काम फुकट चालेल, पण पुढचा दर तेव्हाच व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून पाठवा.