सूर-सवाल : ‘द डायरी’ ऐकताना

प्रश्न (चोपडा) : मित्रांनी अमेरिकन रॅपर स्कारफेसचा ‘द डायरी’ हा अल्बम डोक्यावर घेतलाय. मला तो संथ आणि रडका वाटला. ज्या बेसचं (खालच्या जाड सुरांचं) एवढं कौतुक, तो तर मोबाईलवर ऐकूच आला नाही.

उत्तर : मोबाईलवर तो यायचाच नाही. त्याचा चिमुकला स्पीकर साधारण २०० हर्ट्‌झच्या खालचं फारसं काही वाजवत नाही आणि या अल्बमचा सगळा पाया त्याच्या खाली आहे. कानात घट्ट बसणारे इअरफोन घ्या. रबरी टोपी कानाच्या मापाची नसेल तर फट राहते आणि सगळ्यात आधी बेसच जातो. ॲपमधला डेटा सेव्हरही बंद करा.

गाडीत ऐकणार असाल तर ‘बेस बूस्ट’ आणि ‘लाउडनेस’ दोन्ही बंद ठेवून सुरुवात करा. वरातीच्या डीजेला सरावलेले कान इथेच फसतात. स्कारफेसचा आवाज मुळातच खर्जातला. बूस्ट दिला की आवाज आणि बेस एकमेकांत कालवले जातात, शब्द बुडतात. तरीही गुरगुर राहिली तर इक्वलायझरवर १२५ ते २५० हर्ट्‌झच्या पट्ट्या दोन-तीन डेसिबलने खाली घ्या. ६० च्या पट्टीला हात लावू नका. दाराचं प्लास्टिक थरथरत असेल तर खापर अल्बमवर फोडू नका.

संथ म्हणालात ते खरं, रडका मात्र पटत नाही. १९९४ साली अमेरिकेच्या दक्षिणेतल्या ह्यूस्टन शहरातल्या रॅप-अ-लॉट कंपनीने हा काढला, तेव्हा रॅप म्हणजे न्यूयॉर्क नाहीतर लॉस एंजेलिस असाच हिशोब होता. तरी तो बिलबोर्ड या अमेरिकन मासिकाच्या खपाच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर उतरला. एन. ओ. जो आणि माइक डीन या निर्मात्यांनी संगीतात फंक आणि ब्लूज या कृष्णवर्णीय अमेरिकन शैलींचा दाट रस्सा ठेवलाय. चाल धिमी आहे म्हणूनच एकेक ओळ नीट पोचते. ‘आय सीन अ मॅन डाय’पासून सुरुवात करा. तुरुंगातून सुटलेला माणूस जुन्याच वाटेला लागतो आणि मरतो, एवढीच गोष्ट. पण शेवटचे श्वास चाललेल्या माणसाशी स्कारफेस ज्या सुरात बोलतो, तसं गँगस्टा रॅपमध्ये (टोळ्या आणि गुन्हेगारीवरच्या रॅपमध्ये) क्वचितच ऐकायला मिळतं. मग पूर्ण अल्बम क्रमाने ऐका, पाऊण तासाच्या आत संपतो.

प्रश्न (धुळे) : यात शिव्या आणि मारामारीच आहे, असं घरचे म्हणतात.

उत्तर : शिव्या भरपूर आहेत, लहान मुलांसमोर लावू नका. शब्द गाळलेली आवृत्ती घेऊ नका, ताल जागोजागी तुटतो. घरच्यांच्या आक्षेपाला अल्बममध्येच उत्तर आहे. ‘हँड ऑफ द डेड बॉडी’मध्ये रॅपर आइस क्यूबला सोबत घेऊन स्कारफेस हाच वाद घालतो, की हिंसेचं बिल रॅपवरच का फाडता?

प्रश्न (अमळनेर) : अशा ढंगाचं रॅप अहिराणीत लिहायचंय. गती किती ठेवू?

उत्तर : ८० बीपीएम, म्हणजे मिनिटाला ८० ठोके धरा. एक बार म्हणजे चार ठोके; सोळा बारचं कडवं म्हणजे ६४ ठोके, बरोबर ४८ सेकंद. एका बारमध्ये दहा-बारा अक्षरं पुरेत. सोळा कोंबली की श्वास घ्यायला जागा उरत नाही आणि चौथ्या ठोक्यावरचा शब्द गिळला जातो. ‘करी ऱ्हायना’, ‘जाई ऱ्हायना’ असं प्रत्येक ओळीच्या शेवटी आणलंत तर यमक फुकटात मिळतं, पण चार ओळींत कंटाळा येतो. यमक त्याच्या आधीच्या शब्दावर बसवा. आणि ह्यूस्टनच्या गल्ल्या उसन्या कशाला आणता? गिरणेच्या पात्रातून रात्री निघणारे वाळूचे डंपर आहेत की! गावं आणि माणसं तेवढी नाव न घेता लिहा.

प्रश्न (नंदुरबार) : ‘द डायरी’नंतर काय ऐकू?

उत्तर : स्कारफेसचाच ‘द फिक्स’, २००२. शब्द तितकेच धारदार, पण संगीतात अमेरिकेच्या दक्षिणेचा मसाला कमी. आमचं मत विचाराल तर ‘द डायरी’च सरस.