चार बाजू मोजल्या, कर्ण राहिला

प्रश्न : गावाशेजारी एक प्लॉट बघितलाय. बाजू ओळीने ५२, ५६, ४८ आणि ३६ फूट. एजंटाने समोरासमोरच्या बाजूंची सरासरी काढली, ५० आणि ४६ आली, गुणाकार केला आणि २३०० चौरस फूट सांगितले. दर १५०० रुपये चौरस फूट. हिशोब बरोबर आहे ना? (बार्शी)

नाही. इसार द्यायच्या आधी विचारलंत, हे फार बरं केलंत.

मुळात नुसत्या चार बाजूंवरून चौकोनाचं क्षेत्रफळ ठरतच नाही. सुतळी ढिली पडलेली जुनी खाट आठवा. एका कोपऱ्याला जोर लावला की चौकट कलते. चारही लाकडं तेवढीच राहतात, पण मधली जागा कमी होते. तुमच्या प्लॉटचंही तसंच आहे. त्याच चार मापांचे कितीतरी चौकोन काढता येतात.

म्हणून टेप घेऊन परत जागेवर जा. ५२ फुटांची बाजू जिथे सुरू होते त्या खुंटीपासून ५६ ची जिथे संपते त्या खुंटीपर्यंत आडवं माप घ्या. हा कर्ण. त्याने प्लॉटचे दोन त्रिकोण होतात, आणि तीन बाजू कळल्या की त्रिकोण हलत नाही. एखादा कोपरा आत दबलेला असेल, तर कर्ण त्याच कोपऱ्यातून घ्या.

समजा कर्ण ६० फूट भरला. पहिला त्रिकोण ५२, ५६, ६०. बेरीज १६८, तिचं निम्मं ८४. या ८४ मधून एकेक बाजू वजा करा : ३२, २८, २४. आता ८४ × ३२ × २८ × २४ = १८,०६,३३६, आणि त्याचं वर्गमूळ १३४४, हेच या त्रिकोणाचं क्षेत्रफळ. दुसरा त्रिकोण ३६, ४८, ६० हा काटकोनीच आहे, त्यामुळे ३६ × ४८ चं निम्मं, ८६४. एकूण २२०८ चौरस फूट, म्हणजे दोन गुंठ्यांच्या जरासं वर (३३ फूट बाय ३३ फूट म्हणजे एक गुंठा, १०८९ चौरस फूट). एजंटाच्या आकड्यापेक्षा ९२ फूट कमी. तुमच्या दराने १,३८,००० रुपये. आणि कर्ण ४० फूटच भरला तर? बाजू त्याच, पण क्षेत्रफळ जेमतेम १७०३.

आणखी एक गोष्ट सांगतो, ती एजंटासमोर कागदावर मांडून दाखवा. या चार बाजूंचा चौकोन कसाही वाकवला तरी त्याचं क्षेत्रफळ २२५१ च्या वर जाऊच शकत नाही. चारही कोपरे एका वर्तुळावर आले की ते सर्वांत जास्त होतं, आणि त्या चौकोनाचं सूत्र आपल्याकडच्या ब्रह्मगुप्त या गणितज्ञाने इ.स. ६२८ मध्ये दिलंय : परिमितीच्या निम्म्यातून, म्हणजे इथे ९६ मधून, चारही बाजू वेगवेगळ्या वजा करा, गुणाकार करा, वर्गमूळ काढा. म्हणजे २३०० चा प्लॉट या मापांत बसतच नाही. सरासरीची रीतही ब्रह्मगुप्ताने दिलीय, पण तिला त्याने ‘स्थूल’ म्हटलंय. चौरस आणि आयत सोडले तर ती नेहमी जास्तच दाखवते, कधीच कमी नाही. खरेदीदाराने हे पक्कं लक्षात ठेवावं.

भास्कराचार्यांनी तर ‘लीलावती’त (११५०) फारच कडक शब्द वापरलेत. कर्ण किंवा लंब न सांगता जो चौकोनाचं नेमकं क्षेत्रफळ विचारतो तो पिशाच, आणि जो उत्तर देतो तो त्याहून मोठा! चाळीसगावजवळ पाटणदेवीला गेलात तर त्यांच्या नातवाच्या, चांगदेवाच्या, मठाचा शिलालेख तिथे आहे. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी तो मठ होता. मी तिथे उभा होतो तेव्हा मला हाच श्लोक आठवत होता.

प्रश्न : सातबाऱ्यावर क्षेत्र ०.२०.०० हेक्टर आहे. चारी बाजूंनी तारेचं कुंपण घालायचंय. तार किती मीटर घेऊ? (सिन्नर)

सातबाऱ्यावरून हे सांगता येणार नाही. २० आर म्हणजे २००० चौरस मीटर. शेत ४० × ५० मीटर असेल तर परिमिती १८० मीटर. २० × १०० असेल तर २४०. भावाभावांच्या वाटण्या होऊन ओढ्यापर्यंत गेलेली १० × २०० ची पट्टी असेल तर ४२०! क्षेत्र सगळीकडे तेच. तीन पदरी तार धरली तर पहिल्या शेताला ५४० मीटर लागेल, शेवटच्याला १२६०. मोजणी झाली असेल तर भूमी अभिलेख कार्यालयाची ‘क’ प्रत (मोजणीचा नकाशा) काढा, नाहीतर बांधाबांधाने टेप धरा. खांबाला द्यायच्या वेढ्यांची तार वेगळी धरा.

प्रश्न : आमची खोली १२ × ९ फूट. समोरासमोरच्या भिंती इंचभरही कमीजास्त नाहीत. तरी फरशी बसवताना एका भिंतीशी पाचरीसारखे तुकडे कापावे लागतात. गवंडी म्हणतो टाइल्स वाकड्या. (पेण)

टाइल्सवर खापर फोडण्याआधी खोलीचे दोन्ही कर्ण मोजा. समोरासमोरच्या भिंती सारख्या असल्या म्हणजे खोली समांतरभुज चौकोन झाली. आयत व्हायला दोन्ही कर्णही सारखे हवेत, तुमच्या खोलीत बरोबर १५ फूट. एक साडेपंधरा आणि दुसरा साडेचौदा भरला, तर नऊ फुटांची भिंत एका टोकाला सुमारे साडेसात इंच सरकलीय. गंमत बघा, एवढं होऊनही क्षेत्रफळ १०८ चं पावणेएकशेआठच होतं. म्हणून टाइल्सच्या हिशोबात हा दोष दिसत नाही आणि फरशी टाकताना अचानक समोर येतो.

आता भिंत हलणार नाही. दाराच्या भिंतीशी सूत धरा, ३-४-५ फुटांचा काटकोन काढून दुसरं सूत घ्या, आणि फरशी त्या सुतांवर चालवा. कापलेले तुकडे पलंगाखाली जातील असं बघा. ज्यांचं घर अजून जमिनीवर यायचंय त्यांना माझं कळकळीचं सांगणं : पायाच्या रेषा आखायला फक्की (चुन्याची पूड) टाकली की पाया खणण्याआधी दोन्ही कर्ण स्वतः उभं राहून मोजून घ्या. गवंड्याचा गुण्या (काटकोन तपासायचं हत्यार) फूट-दोन फुटांचा असतो, लांब भिंतीवर त्याची बारीकशी चूक मोठी होते.

प्रश्न : समलंब चौकोनी जागा. समांतर बाजू ८० आणि ५० फूट, तिसरी बाजू ४० आणि तिरकी बाजू ५०. उंची कोणती धरू? (परभणी)

४० ची. तुमच्या मापांत ती दोन्ही समांतर बाजूंना काटकोनात येते (३०, ४०, ५० चा त्रिकोण ताडून पाहा). १३० चं निम्मं ६५, गुणिले ४०, म्हणजे २६०० चौरस फूट. तिरकी बाजू धरली असती तर ३२५० आले असते. उंची म्हणजे नेहमी लंब अंतर.

प्रश्न : मुलगा आठवीत आहे. सूत्रं पाठ आहेत, पण ‘परिमिती वाढली की क्षेत्रफळ वाढतंच’ हे डोक्यातून जात नाही. (डोंबिवली)

ही समजूत मोठ्यांचीही असते, त्याला रागावू नका. ४० सेंटिमीटर सुतळी घ्या, टोकं बांधा, आणि चौकटीच्या वहीवर त्याला तिचे आयत करू द्या : १०×१०, १२×८, १५×५, १९×१. प्रत्येक वेळी आतल्या चौकटी त्यालाच मोजायला लावा. गुणाकार नको, बोट ठेवून मोजू दे. क्षेत्रफळ १०० वरून ९६, ७५ आणि शेवटी १९ वर येतं, सुतळी मात्र तीच. तो सुतळी बोटाने चेपून चपटी करतो तेव्हा त्याच्या चेहऱ्याकडे बघा.

मग सुतळी काढून घ्या आणि विचारा : परिमिती ४० पेक्षा जास्त आणि क्षेत्रफळ १०० पेक्षा कमी, असा आयत काढ. उत्तर लगेच सांगू नका. तो वही आडवी धरेल, खोडेल, आणि बहुधा २० × ४ च्या आसपास पोहोचेल.