वाचक विचारतात: रविवारच्या शेतकरी बाजारात काय घ्यावं, काय नको

प्रश्न: ताई, आमच्या ऐरोलीत सोसायटीजवळ दर रविवारी शेतकरी बाजार भरतो. सासूबाई म्हणतात, हे सगळे व्यापारीच, वाशीच्या घाऊक मार्केटातून माल उचलून शेतकरी म्हणून बसतात. काही भाज्या तर नाक्यावरच्या भाजीवाल्यापेक्षा महाग वाटतात. मग जायचं कशाला?

उत्तर: सासूबाईंचा संशय अगदीच खोटा नाही हो, काही ठिकाणी होतं असं. पण म्हणून सगळ्या बाजारावर फुली मारू नका. जुलै २०१६ मध्ये सरकारने फळं-भाजीपाला नियमनमुक्त केला, म्हणजे शेतकऱ्याला बाजार समितीच्या आवाराबाहेर थेट विकायची मोकळीक मिळाली, आणि मग राज्याच्या पणन मंडळाने (शेतमाल विक्रीचं काम बघणाऱ्या सरकारी मंडळाने) संत सावता माळींच्या नावाने शहरांत आठवडे बाजार सुरू केले. त्याआधी मधल्या हातांतून फिरूनच बहुतेक भाजी आपल्यापर्यंत यायची.

आता ओळखायचं कसं, तर स्टॉलवर नीट नजर टाका. सफरचंद, किवी, सिमला मिरची, बटाटे, आलं, सगळंच एका जागी आणि बारा महिने तसंच दिसत असेल तर तो माल मार्केटचा. शेतकऱ्याकडे चार-पाचच प्रकार असतात, वांगी लहान-मोठी असतात, भेंडी एका मापाची नसते, आणि कधी तोडली, वाण कुठलं, यंदा पाऊस कसा झाला असं विचारलं की तो भरभरून बोलतो. एक मात्र लक्षात ठेवा, जुन्नर-नारायणगावकडून एखादा मुलगा गावातल्या पाच-सहा घरांचा माल टेम्पोत घालून आणतो, त्याला व्यापारी म्हणू नका, शेतकरी गट असेच चालतात.

महाग म्हणाल तर त्या दरात टेम्पोचं भाडं, टोल, न विकलेला माल सगळं येतं. पण पालेभाजी आदल्या संध्याकाळी काढलेली असेल तर ती मेथी फ्रिजमध्ये चार दिवस छान राहते, आणि नाक्यावरची दुसऱ्या दिवशी पिवळी पडून निम्मी फेकावी लागत असेल तर स्वस्त कुठली पडली ते तुम्हीच बघा. म्हणून पालेभाज्या, काकडी, गवार, दुधी, टोमॅटो इथे घ्या, तेही सकाळी लवकर. कांदे-बटाटे-लसूण साठवणीचा माल, त्यात ताजेपणाचा काही फरक पडत नाही, ते खुशाल नाक्यावरच्या भाजीवाल्याकडून घ्या, तोही आपलाच माणूस आहे, उधारी देतो, वर कोथिंबीर टाकतो.

प्रश्न: एका स्टॉलवर 'ऑरगॅनिक' बोर्ड आहे पण सर्टिफिकेट नाही म्हणतात. फसवतायत का? (घोडबंदर रोड, ठाणे)

उत्तर: लगेच तसं समजू नका. नियमाप्रमाणे वर्षाला १२ लाखांपर्यंत उलाढाल असलेल्या छोट्या शेतकऱ्याने थेट ग्राहकाला विकलं तर त्याला सर्टिफिकेट सक्तीचं नाही. मग उरतो तो विश्वास. खत काय घालता, कीड आली की काय फवारता, शेत बघायला येऊ का, असं सरळ विचारा. खरा माणूस हो म्हणतो. पण त्याच बोर्डाखाली पॅकबंद माल असेल, मोठ्या कंपनीचा, तर त्यावर जैविक भारतचा, म्हणजे प्रमाणित सेंद्रिय मालाचा सरकारी लोगो बघाच.

प्रश्न: पावसाळ्यात बाजाराच्या कडेला मावश्या शेवळं (ही एक रानभाजी) घेऊन बसतात. घ्यायची इच्छा आहे पण घसा खाजतो म्हणतात.

उत्तर: घ्याच! मुरबाड, शहापूर, कर्जतकडच्या कातकरी-ठाकूर बायका पहिल्या पावसानंतर रानात फिरून ती आणतात, मिळतात थोडेच दिवस. आणि प्लीज त्यांच्याशी पाच-दहा रुपयांसाठी घासाघीस करू नका, मला ते बघवत नाही. शेवळाची वरची पानं आणि आतला पिवळा खाजरा भाग काढून टाकायचा, बाकीचं बारीक चिरून तेलावर चांगलं परतायचं, आणि काकडं नावाची आंबट फळं वाटून त्यांचा रस घालायचा. काकडं त्याच मावशीकडे असतात, मागून घ्या. नाहीच मिळाली तर चिंच किंवा कोकम भरपूर घाला, आंबट घातल्याशिवाय मात्र करू नका. सोलणं-चिरणं तेल लावलेल्या हातांनी करा.