शेडमध्ये पडून असलेली दोन दारांची रोल्स-रॉइस शॅडो घ्यावी का?

एका वाचकाने विचारलेली गाडी 1969 ची, मलिनर पार्क वॉर्डच्या (रोल्स-रॉइसचा खास बॉडी बनवणारा विभाग) बॉडीची दोन दारांची रोल्स-रॉइस सिल्व्हर शॅडो. इंग्लंडमध्ये दहाएक वर्षं शेडमध्ये उभी. विकणारा म्हणतो, 'इंजिन लागतं, लेदर उत्तम.' ही दोन्ही कारणं बाजूला ठेवा. या गाडीत पैसा खातात ते पत्रा आणि हायड्रॉलिक्स, म्हणजे फ्लुइडच्या दाबावर चालणारी यंत्रणा.

आधी पत्रा. शॅडोला वेगळी चासी नाही, बॉडीच सगळा भार पेलते. म्हणून दाराखालचे सिल, मागच्या चाकांच्या कमानी आणि मागच्या स्प्रिंग जिथे टेकतात ती जागा गाडी लिफ्टवर घेऊनच बघा. लोहचुंबक फिरवा, पण बॉनेट, दारं आणि डिकीचं झाकण अॅल्युमिनियमचं आहे, तिथे तो चिकटणारच नाही. सिलवर चिकटला नाही, तर आत पुट्टी आहे असं समजा. ही बॉडी लंडनमध्ये हाताने घडवलेली, त्यामुळे चार दारांच्या शॅडोचे पत्रे आणि क्रोमपट्ट्या हिला सरळ बसत नाहीत. एखादी पट्टी हरवली असेल तर ती बनवूनच घ्यावी लागते. सुटे भाग खोक्यांत भरलेली गाडी म्हणूनच टाळावी.

मग ब्रेक. इंजिनावरचे दोन पंप नायट्रोजन भरलेल्या दोन धातूच्या गोळ्यांमध्ये (अॅक्युम्युलेटर) दाब साठवतात, त्याच दाबावर ब्रेक आणि मागची उंची राखणारी यंत्रणा चालते. इंजिन चारेक मिनिटं चालवून बंद करा, इग्निशन चालू ठेवा आणि डॅशवरचा दाबाचा इशारादिवा लागेपर्यंत ब्रेकचं पेडल दाबत मोजा. दहाच्या आत दिवा लागला तर गोळ्यांतला वायू गेलाय, त्या उघडून नव्याने भराव्या लागतील. फ्लुइड फक्त आरआर 363, हे या गाड्यांसाठीचं खास ब्रेक फ्लुइड. इतर गाड्यांत चालणाऱ्या साध्या डॉट 4 ब्रेक फ्लुइडमध्ये वंगण नसतं, त्यामुळे पंप झिजतात. 1980 नंतरच्या सिल्व्हर स्पिरिट या मॉडेलच्या ब्रेकचं मिनरल ऑइल तर चुकूनही ओतू नका, सगळे रबरी सील फुगून निकामी होतात.

ब्रेकची ही चाचणी इंजिन लगेच लावून मात्र करायची नाही. जुनं पेट्रोल काढा, स्पार्क प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडा, मग क्रँक हाताने फिरवा. ब्लॉक अॅल्युमिनियमचा, लायनर, म्हणजे पिस्टन ज्यात फिरतो ती नळकांडी, वेगळे. ब्लॉकच्या बाजूच्या बारीक छिद्रांतून कूलंट पाझरल्याची खूण दिसली, तर लायनरचं खालचं सील गेलंय आणि इंजिन उघडावंच लागेल. त्या एका खुणेवर किमतीत मोठी घासाघीस करा. जनरल मोटर्सचा तीन गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स मात्र दणकट आहे, त्याची फार चिंता नको.

पैसे देण्याआधी चासी नंबर लॉगबुकाशी (इंग्लंडमधलं नोंदणीपत्र) ताडून बघा, कोचबिल्ट, म्हणजे अशी हाताने घडवलेल्या बॉडीच्या, उजव्या स्टिअरिंगच्या गाडीवर तो सीआरएच (CRH) या अक्षरांनी सुरू व्हायला हवा. मूळ रंग आणि सामानाची नोंद असलेलं चासी कार्ड नॉर्थअॅम्प्टनशायरमधल्या पॉलर्सपरीच्या हंट हाऊसमधून, रोल्स-रॉइस एन्थुझिअॅस्ट्स क्लबकडून मागवा.